झाडावर नेण्यापुरतं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वादळ झालं आणि आमच्या शाळेच्या चिंचेची एक मोठी फांदी मोडली. मोडली, पण खाली पडली नाही, आणि सगळी पंचाईत तिथेच होती. खोडापासून दोन-तीन हातांवर ती चिरली, अर्धी पिळवटली आणि तिचा शेंडा शेजारच्या दुसऱ्या फांदीवर जाऊन टेकला. खाली बरोबर तिसरी-चौथीचा वर्ग. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना तिथून उठवलं आणि गावच्या समाजमंदिरात नेऊन बसवलं.

आमचं गाव अमडापूरपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. शाळेचे शिपाई ज्ञानेश्वर यांनी दोन दिवसांत दोन लाकूडतोडे आणून दाखवले. दोघांनीही मान वर करून फांदी पाहिली आणि दोघांनीही तेच सांगितलं. वर चढणार नाही, पाडायचं असेल तर बुंध्यातून पाडू.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किसनराव म्हणाले, "पाडूनच टाका बाई. झाड का पोरापेक्षा मोठं हाये?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण दुपारचा आहार मुलं त्याच झाडाखाली बसून खातात. ते गेलं तर आमच्या मैदानावर सावलीचा एक तुकडाही उरत नव्हता. मी आठ दिवस मागून घेतले. मग ज्ञानेश्वरांनी सासुरवाडीला, रोहिणखेडला, फोन लावला. तिथे तौसिफ नावाचा एक माणूस दोरावर चढून झाडाचं मोडलेलं तेवढंच काढतो, असं त्यांनी ऐकलं होतं.

रविवारी सकाळी सहाला छोटा हत्ती टेम्पो शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. तौसिफ गाडी चालवत आला होता. पस्तिशीचा, सडपातळ, बोलणं कमी. पुण्याकडे सहा वर्षं झाडं छाटण्याच्या कामावर होता, मग गावी परतला. शेजारच्या सीटवरून त्याची बायको उतरली. सलवार-कमीज, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात कॅनव्हासचे बूट. मला वाटलं, सोबत म्हणून आली असेल. मी तिला ऑफिसात खुर्ची दिली, चहा विचारला.

"चहा नंतर घेते, मॅडम," ती म्हणाली. "आधी ताडपत्री आथरू द्या."

तिचं नाव महेजबीन. तिने भिंतीच्या सावलीत निळी ताडपत्री पसरली आणि गाडीतल्या पिशव्या एकेक करून तिच्यावर रिकाम्या केल्या. दोर, कड्या, कमरेचे आणि मांड्यांचे पट्टे, हेल्मेट, दोन आऱ्या, पेट्रोलवर चालणारी कापायची मशीन, कप्प्या, पायाला बांधायचे लोखंडी काटे. सगळं ओळीने लावलं. दुकान मांडल्यासारखं दिसत होतं. तोवर तौसिफ झाडाभोवती फिरत होता. हातात एक लाकडी हातोडी. बुंध्यावर ठोकायचा, कान लावायचा, दोन पावलं पुढे जायचा. पाऊण तास त्याने दुसरं काही केलं नाही. पाहायला जमलेल्या माणसांपैकी निम्मी तेवढ्यात घरी गेली.

महेजबीन पट्ट्याची शिलाई तपासत बसली होती. एकेका टाक्यावरून अंगठ्याचं नख फिरवत होती. मी शेजारी जाऊन बसले. ती रोहिणखेडला शिवणकाम करते, हे मला तेव्हा कळलं. आरीचं म्यान, मलमपट्टीची पिशवी, कड्यांचा खण, सगळं तिने स्वतः शिवलेलं होतं.

"आणि हा पट्टाही तुम्हीच शिवता?" मी विचारलं.

"नाई, मॅडम. याले मी हात लावत नाई. माही मशीन कपड्याची हाये. माणूस लटकते ते शिलाई येगळीच राह्यते. यातला एक टाका उसवला तं पट्टा फेकून द्यायचा, शिवाचा नाई."

शिवणकाम येणाऱ्या बाईने आपली सुई कुठे थांबते ते इतक्या सरळपणे सांगितलं, हे मला फार आवडलं. मला माझ्या कामात ते नेहमी जमत नाही.

तौसिफ आला, ताडपत्रीच्या कडेला उकिडवा बसला. आपसात ते उर्दूत बोलतात, पण आम्ही ऐकतोय म्हणून असेल, त्यांनी आमच्यासारखंच बोलणं धरलं.

"फांदी चिरली तिथून हातभर मागे कापा लागते," तो म्हणाला. "वर दोन फांद्या फुटल्या त्या दुबेळक्यात दोर बांधतो. झाड ठेवाचं हाये."

महेजबीनने पायाचे काटे उचलून परत पिशवीत टाकले.

किसनराव मागे उभे होते. "हे काऊन ठेवले? चढाले तं हेच पायजे."

"काट्यानं पटापट चढता येते, काका," तौसिफ म्हणाला. "पण दर पावलाले सालीत भोक पडते. मंग त्यातून कीड शिरते. जे झाड पाडाचंच हाये त्याच्यावर हे चालते. याच्यावर नाई."

मग मशीन. तौसिफने तिच्यावर हात ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. फांदी त्याच्या मांडीपेक्षा जाड होती. मशीनने दोन मिनिटांचं काम, आरीने तासाभराचं. महेजबीनने फक्त विचारलं, "तिथं उभं राह्याले जागा कशी हाये?"

"एक पाय खोडाले, दुसरा लोंबता."

"मंग दोन्ही हात मशीनले देता येतील?"

त्याने फांदीकडे पाहिलं. मग त्याने मशीन बाजूला सारली. "नाई येत."

पुढच्या प्रत्येक वस्तूला ती एकच प्रश्न विचारत गेली. हे मागून वर पाठवता येईल का? पाठवता येत असेल तर ते अंगावर न्यायचं नाही, खालीच ठेवायचं. लागलं की दोराला बांधून वर सोडायचं. ज्याची वाट पाहता येणार नाही तेवढंच अंगावर. मोठी कप्पी खाली. जास्तीच्या कड्या खाली. रक्त थांबवायची पट्टी वर, डाव्या मांडीवरच्या पिशवीत, कारण उजवा हात कापला तर डाव्याने काढता आली पाहिजे. मग तिने त्याला डोळे मिटायला लावले आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने ती पट्टी काढून दाखवायला सांगितली. त्याने काढून दाखवली. शिट्टी गळ्यात. मोबाइल खाली. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली वर. मोठी आरी म्यानात, उजव्या पायाला.

शेवटी त्याच्या अंगावर जे राहिलं ते ताडपत्रीवरच्या पसाऱ्याच्या चौथाईइतकंही नव्हतं. एवढ्या सामानातून एवढंसंच का, असा प्रश्न मघापर्यंत माझ्या मनात होता. आता उरलेली प्रत्येक वस्तू तिथे का आहे, हे मीसुद्धा सांगू शकले असते.

चढणं मात्र पाहण्यासारखं होतं. पातळ दोरीच्या टोकाला बांधलेली, शिसं भरलेली छोटी थैली त्याने दोन्ही पायांमधून झुलवून वर फेकली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर फांदीवरून पलीकडे पडली. तिच्यामागून जाड दोर ओढून घेतला आणि तो त्या दोरावरून असा वर गेला की बुंध्याला त्याचा हातसुद्धा लागला नाही. पानं हलत होती तेवढीच. महेजबीनची नजर त्याच्या पायांवर होती. तिने एकदाही "सांभाळून" म्हटलं नाही.

दुबेळक्यापाशी तो थांबला. हातोडीने ठोकलं. खाली आम्हालाही फरक कळला, बुंध्याचा आवाज भरीव होता आणि हा वाजवलेल्या डब्यासारखा. त्याने फटीत बोट घातलं, बाहेर काढलं, पाहिलं. त्यावरचा तपकिरी भुसा तो उतरल्यावर आम्हाला दिसला. मग तो काही न कापता खाली उतरला.

किसनराव हसले. "काय झालं? भेव वाटलं का?"

"हाव," तौसिफ म्हणाला. "आतून पोकळ हाये. तिथं दोर बांधून मी लटकलो असतो तं मी बी आलो असतो आणि फांदी बी."

त्याच्या आवाजात ओशाळेपण नव्हतं की राग नव्हता. तीस-चाळीस माणसं बघत असताना, अर्धा तास चढून, काहीही न करता उतरायचं आणि सरळ "हाव" म्हणायचं. मी त्या दिवशी पाहिलेल्या गोष्टींत हीच मला सगळ्यात अवघड वाटली. किसनरावांचं हसू तिथेच थांबलं.

आता दोर बांधायचा तर दुसरीकडे. शाळेच्या भिंतीपलीकडे कलाबाईंच्या अंगणात एक उंच कडुलिंब आहे, चिंचेपासून पंधरा फुटांवर. कलाबाई सत्तरीच्या, एकट्या राहतात. मी विचारायला गेले तर त्या आधीच दारात उभ्या होत्या.

"चढू दे त्याले," त्या म्हणाल्या. "कडुलिंब मजबूत हाये. माह्या लग्नाच्या आधीचा हाये तो."

तौसिफने तरीही तो ठोकून पाहिला. मग दोघं परत ताडपत्रीपाशी बसले आणि सगळी निवड पुन्हा पहिल्यापासून केली. मला वाटलं होतं, मघाचंच अंगावर चढवून जाईल. पण काम बदललं होतं. आता कडुलिंबावर दोर बांधून तिथून झोका घेत चिंचेवर यायचं होतं. दोर लांब लागणार म्हणजे वजन वाढणार. चिंचेच्या खोडाला स्वतःला धरून ठेवायला कमरेचा आणखी एक आखूड दोर लागणार. तो महेजबीनने घातला. आरी अडकली तर म्हणून घडीची छोटी आरीही घातली. मग तिने कमरेचा पट्टा हातात तोलून पाहिला आणि पाण्याची बाटली काढून घेतली.

"पाणी पाठवता येते," ती म्हणाली.

तौसिफने मान डोलावली.

मोडलेली फांदी सावकाश उतरवायचा दोर महेजबीनकडे होता. तो चिंचेच्या एका भरीव फांदीवर थैलीच्या दोरीने ओढून चढवलेल्या कप्पीतून खाली आणून तिने बुंध्याला तीन वेढे दिले आणि टोक हातात धरलं. ज्ञानेश्वर पुढे झाले. "ताई, मी धरतो. लय वजन येईन."

"वजन झाड धरते, भाऊ. मले फक्त सोडाचं हाये. तुमी एक करा, वर्गाकडं कोणाले जाऊ देऊ नका. पोरगं असो का म्हातारा."

साडेदहा वाजले होते. ऊन चटके देत होतं. तौसिफ कडुलिंबावरून चिंचेवर आला तेव्हा मघाशी घरी गेलेले लोकही परत आले होते. त्याने मोडलेल्या फांदीला दोर बांधला, स्वतःला खोडाशी आखूड दोराने बांधलं, खालून थोडं कापलं, मग वरून आरी घातली.

अर्ध्यात आल्यावर फांदी किंचित बसली आणि आरीचं पातं गच्च दाबलं गेलं. त्याने ओढून पाहिलं नाही. मूठ सोडली, आरी तिथेच राहू दिली आणि पायाच्या पिशवीतून छोटी आरी काढली. छोटी आरी म्हणजे काम दुप्पट वेळाचं. तो कापत राहिला. भुसा खाली येत होता. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली.

मग त्याचा हात थांबला. उजव्या हाताची बोटं मुठीवरच आखडली होती. त्याने डाव्या हाताने ती एकेक करून सोडवली.

"वांब आला," महेजबीन हळू म्हणाली. मला ऐकू आलं ते मी शेजारी होते म्हणून. "पाणी पायजे त्यायले."

पण पाणी पाठवायचं कसं? सामान वर ओढायचा तोच दोर आता फांदीला बांधलेला होता आणि त्याचं टोक तिच्या हातात होतं, ते सोडता येत नव्हतं. तौसिफच्या स्वतःच्या दोराचं शेपूट वर्गाच्या छपरावर लोंबत होतं, बरोबर त्या फांदीखाली. ज्ञानेश्वर बाटली घेऊन तिकडे निघाले.

"भाऊ, थांबा." तिचा आवाज मोठा नव्हता, पण ज्ञानेश्वर जागच्या जागी थांबले. "अर्धी कापली हाये ते. तिच्याखाली कोणीच नाई जायचं. पाण्यासाठी तं नाईच."

"तो कडुलिंबावर परत नाही का येऊ शकणार?" मी विचारलं.

"येऊ शकते, मॅडम. पण अर्धी कापलेली फांदी सोडून हे येत नाई. फांदी कव्हा तुटंल त्याचा भरोसा नाई, आन् तव्हा तिच्याजवळ कोणीतरी पायजे."

वर तौसिफने तिच्याकडे पाहिलं. तिने बाटलीकडे मान केली आणि मग नकारार्थी हलवली. त्याला कळलं. तो खोडाला पाठ लावून बसला, हात खाली सोडून झटकत राहिला. मग शेजारच्या डहाळीवरचा कोवळा पाला ओरबाडला आणि तोंडात टाकला. चिंचेचा कोवळा पाला आंबट असतो, आमची पोरं मीठ लावून खातात. तो पाला चघळत बसला. एक मूठ, दोन मुठी. एवढ्या उंचीवर, एवढ्या उन्हात, मोडक्या फांदीशेजारी एक माणूस दहा मिनिटं पाला खात बसला होता.

महेजबीनच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. मी माझ्या पदराने पुसला. तिने नजर वरून काढली नाही.

मग त्याने आरी डाव्या हातात घेतली. डाव्या हाताने वेग कमी, पण हात नेमका. आठ-दहा मिनिटांनी लाकूड करकरलं. तौसिफने शिट्टी वाजवली, आरी मागे घेतली आणि अंग खोडाशी चिकटवलं. फांदी सुटली. तिचं सगळं वजन दोरावर आलं, वेढे बुंध्यावर करकचले, महेजबीनचे बूट मातीत दोन बोटं सरकले आणि थांबले. फांदी हवेत एकदा फिरली. तिने हाताएवढा दोर सोडला, पुन्हा हाताएवढा. छपराच्या कडेवरून, कवेलूला न लागता, ती खाली मैदानात आली आणि धुळीत टेकली.

टाळ्या वाजल्या. तौसिफने वरून हात केला नाही, तो दाबलेली आरी सोडवत होता. ती म्यानात घालून मगच तो कडुलिंबावर परत गेला आणि कलाबाईंच्या अंगणात उतरला. कलाबाईंनी तांब्याभर पाणी पुढे केलं. तो उभ्याउभ्याच प्यायला, मग बसून आणखी एक तांब्या.

दोर गुंडाळून महेजबीन तिथे आली. "बाटली मी काढली ते चुकलं," ती म्हणाली.

"मी बी हाव म्हटलं होतं," तौसिफ म्हणाला.

"तुमी वजन पाह्यलं असंल. सामान मी पाह्यते." ती त्याच्याजवळ बसली, त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन बोटं चोळू लागली. "पाठवता येते, हे खरं. पण पाठवाचा दोर तव्हा मोकळा राहीन का, हे मी पाह्यलंच नाई. पाठीवर बसंल अशी चपटी पिशवी शिवते. पाणी आता वरच जाईन, दरवेळी."

एवढंच झालं. कोणी कोणाला बोल लावला नाही की कोणी समजूत घातली नाही. मी गेली एकवीस वर्षं माणसांकडून काम करून घेते आहे. चूक झाल्यावर ती अशी दोन वाक्यांत उचलून जागेवर ठेवलेली मी फारशी पाहिलेली नाही.

कलाबाईंनी भाकरी आणि ठेचा केला. जेवून झाल्यावर आम्हाला वाटलं, आता निघतील. पण तौसिफ परत पट्टा चढवू लागला. चिरीच्या मागून कापल्यामुळे खोडाशी हातभर खुंट राहिला होता. तो ठेवला तर वाळतो, सडतो आणि सड आत जाते, असं त्याने सांगितलं. फांदी जिथून फुटते तिथे गळपट्टीसारखी जाड साल असते, तिच्या बाहेरून कापलं तर झाड स्वतःच ती जखम भरून काढतं. किसनराव म्हणाले, "राहू दे आता. वर्गावरचं संकट गेलं ना."

"वर्गावरचं गेलं," तौसिफ म्हणाला. "झाडावरचं राह्यलं."

या वेळी त्याच्या अंगावर आणखी कमी सामान होतं. एक आरी, दोन दोर, पट्टी, शिट्टी आणि महेजबीनच्या ओढणीने पाठीला बांधलेली पाण्याची बाटली. तो चढत असताना किसनरावांनी त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. पोकळ दुबेळक्यावरचा भार कमी व्हावा म्हणून तौसिफने वरच्या तीन डहाळ्याही हलक्या केल्या. दर दोन वर्षांनी पाहावं लागेल, असं मला सांगितलं. मी ते शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवलं.

सोमवारी तिसरी-चौथीची मुलं त्यांच्या वर्गात बसली. मैदानात पडलेल्या फांदीवर दुपारी पंधरा-वीस जणांनी घोडा घोडा केला आणि तिचा उरलेला पाला खाऊन संपवला.

दहा-बारा दिवसांनी किसनरावांचा फोन आला. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर एक वड कलला आहे, तो न पाडता काही करता येईल का विचारायचं होतं. मी नंबर दिला. तासाभरात त्यांचा परत फोन. तौसिफला लावला तर महेजबीनने उचलला, असं ते म्हणाले.

"मग? काय म्हणाली ती?"

"फोटो पाठवा म्हणते, चारी अंगानं. विहीर किती खोल, वाट कशी, जवळ दुसरं झाड हाये का, सगळं विचारलं. अर्धा घंटा विचारलं बाई तिनं." मग म्हणाले, "आता मी मळ्यातच चाललो. एक गोष्ट मलेच सांगता नाई आली. आपल्या वडाच्या शेजारी कोणतं झाड हाये ते."